‘कुशल’ आणि ‘विशेष’ : खानदेशातील देशांतरितांच्या मानसिक आधाराचा इतिहास आणि ऑनलाइन समुपदेशन

प्रस्तावना

धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना १९२७ साली झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर हिंडून जमविलेल्या जुन्या कागदपत्रांचे जतन व्हावे हा तिचा हेतू होता. मराठेशाहीतील पत्रव्यवहार ज्याने चाळला आहे त्याला त्या पत्रांचा एक ठराविक मायना परिचित असतो. पत्रलेखक प्रथम येथील कुशल कळवितो, समोरच्याने स्वकीय कुशल लिहावे अशी विनंती करतो आणि त्यानंतर ‘विशेष’ हा शब्द लिहून मुख्य मजकुराला हात घालतो. फौजेचा खर्च, सावकाराचा तगादा, मुलाचे आजारपण, आप्तांतील कलह हे सारे ‘विशेष’ या शब्दाच्या पुढे येते. कुशल हा शिष्टाचार आणि विशेष हे प्रयोजन, अशी ही विभागणी होती.

विसाव्या शतकात घर सोडून दूर गेलेल्या माणसाच्या पत्रात मात्र ही विभागणी पुष्कळदा मोडलेली दिसते. ‘मी येथे खुशाल आहे, काळजी नसावी’ हे वाक्य राहिले आणि त्यापुढे लिहावयाचे ‘विशेष’ गळून पडले. दूर असलेल्या आईवडिलांना दुःख कळविणे म्हणजे त्यांना दुःख देणे, अशी समजूत या मौनामागे आहे. साधने बदलली, कार्डाची जागा दूरध्वनीने आणि दूरध्वनीची जागा चित्रसंवादाने घेतली, तरी हे मौन फारसे बदलले नाही.

प्रस्तुत निबंधात जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या, म्हणजेच जुन्या खानदेशाच्या संदर्भात या मौनाचा आणि ते मोडण्यासाठी निर्माण झालेल्या सामाजिक व्यवस्थांचा मागोवा घेतला आहे. परदेशस्थ भारतीयांसाठीचे ऑनलाइन मानसिक समुपदेशन ही सर्वस्वी नवी व आयात केलेली कल्पना आहे असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे. दूरस्थ व्यक्तीला आधार देण्याची परंपरा या प्रदेशात जुनी आहे आणि तिच्या इतिहासातूनच आजच्या समुपदेशनाच्या मर्यादा व शक्यता अधिक स्पष्ट होतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

घरापासूनच्या अंतराची व्यथा : संकल्पनेचा विकास

घर सोडल्यामुळे होणाऱ्या मानसिक त्रासाला वैद्यकीय नाव मिळाले ते १६८८ साली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहानेस होफर या तरुण वैद्यकाने आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द प्रथम योजला. परक्या देशात राहणाऱ्या स्विस लोकांना घराच्या आठवणीने झुरणी लागते, अन्न गोड लागत नाही, झोप उडते आणि प्रसंगी जीवही जातो, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे या शब्दाचा अर्थ सौम्य होऊन तो केवळ स्मरणरंजनासाठी वापरला जाऊ लागला. मूळ शब्द मात्र रोगाचे नाव होता.

१९३२ साली नॉर्वेचे मनोविकारतज्ज्ञ ओर्नुल्फ ओडेगार्ड यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायदेशी राहिलेल्यांपेक्षा या स्थलांतरितांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक आढळले. स्थलांतरामुळे आजार होतो की मुळात अस्वस्थ असलेली माणसेच स्थलांतर करतात, हा वाद त्यातून उभा राहिला. १९६० साली कालेर्वो ओबर्ग यांचा ‘संस्कृती-आघात’ या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. आरंभीची नवलाई, नंतरचे वैफल्य, हळूहळू येणारे सावरणे आणि शेवटी होणारे समायोजन अशा अवस्था त्यांनी मांडल्या. प्रत्येक व्यक्ती या क्रमाने जातेच असे पुढील संशोधनाने मान्य केले नाही. तथापि परदेशातील पहिल्या वर्षाचा त्रास हा व्यक्तीचा दुबळेपणा नसून परिस्थितीचा परिणाम आहे, ही दृष्टी त्यामुळे रूढ झाली.

मराठीत या व्यथेसाठी पारिभाषिक शब्द नसला तरी ‘करमत नाही’ हे क्रियापद आहे. त्यात कंटाळा आहे, एकटेपणा आहे, जागेशी न जुळणे आहे आणि कोणालाही दोष न देण्याचा संकोचही आहे. ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणण्यास जो कचरेल तो ‘मला येथे करमत नाही’ असे सहज म्हणेल. समुपदेशकाच्या दृष्टीने या एका वाक्याचे मोल मोठे आहे.

खानदेशातील पूर्वपरंपरा : सासुरवाशीण, छात्रालय आणि तुरुंग

खानदेशातील पहिली देशांतरित व्यक्ती कोण, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर सासरी जाणारी मुलगी असे द्यावे लागेल. लहान वयात परक्या घरी गेलेल्या या मुलींना आपले ‘विशेष’ पत्राने कळविण्याची सोय नव्हती, कारण बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी समाजाने दोन व्यवस्था निर्माण केल्या. एक म्हणजे जात्यावरील ओवी. पहाटेच्या अंधारात, घरातील इतर मंडळी झोपलेली असताना, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने मनातील सल उच्चारता येत असे. जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेची भूमी हीच होय. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. निरक्षर स्त्रीच्या मनोव्यापाराची किती मोठी संपत्ती अलिखित राहत होती हे मराठी वाचकाला तेव्हा कळले.

दुसरी व्यवस्था म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात प्रामुख्याने सासुरवाशिणींचा सण आहे. भाऊ किंवा वडील मुऱ्हाळी म्हणून जातात, लेक माहेरी येते, झाडांना झोके बांधले जातात आणि गौराईच्या गाण्यांतून सासरची गाऱ्हाणी मोकळेपणाने गायिली जातात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, गाऱ्हाणे एकटीने आईच्या कानात सांगितले जात नाही. ते समवयस्क मुलींच्या मेळ्यात गाण्याच्या रूपाने मांडले जाते. गाणे सर्वांचे असल्यामुळे त्यातील दुःख कोणा एकीचे ठरत नाही. आजच्या परिभाषेत ज्यास आधारगट म्हणतात त्याचे हे लोकरूप म्हणता येईल. तथापि या व्यवस्थेचे अकारण उदात्तीकरण करणेही योग्य नाही. झोका उतरला की मुलगी त्याच घरी परत जात असे; तिला बोलण्याची मुभा मिळाली, परिस्थिती बदलण्याचा अधिकार मिळाला नाही.

शिक्षणाच्या प्रसाराबरोबर घर सोडणाऱ्या मुलांचा दुसरा वर्ग निर्माण झाला. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. खेड्यांतून आलेल्या मुलाला रोज सकाळी आपल्याला उद्देशून लिहिलेले काही वाचावयास मिळणे, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. घरापासून तुटलेल्या माणसाने घराची आठवण इतरांना सांगून स्वतःस व त्यांस सावरावे, अशी त्या पुस्तकाची रचनाच आहे.

तिसरे स्थळ म्हणजे धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी दर रविवारी तेथील बंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अर्जुनाच्या विषादापासून आरंभ होणाऱ्या या ग्रंथाचे विवेचन घरदार सोडून आलेल्या सत्याग्रहींसमोर व्हावे, यात औचित्य होते. भारतीय मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरु-शिष्य नात्याचा उपचारात्मक संबंधाचा नमुना म्हणून विचार मांडला होता. भारतीय माणूस सल्लागाराकडे केवळ ऐकणारा म्हणून पाहत नाही, तर मार्ग दाखविणारा वडीलधारा म्हणून पाहतो, ही बाब त्या विचाराशी सुसंगत आहे. आजच्या समुपदेशकालाही या अपेक्षेशी सामना करावा लागतो.

पत्रद्वारा सल्ला : दोन मराठी उदाहरणे

वरील तिन्ही व्यवस्थांत माणसे एकत्र येत असत. अंतर कायम ठेवून आधार देण्याचे साधन म्हणजे पत्र. त्याची दोन मराठी उदाहरणे खानदेशाबाहेरची असली तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूलभूत आहेत.

डॉ. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या या प्रवासाचा आरंभ पत्रमैत्रीने झाला होता. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी गोपाळरावांचे एका मिशनरी नियतकालिकात छापलेले पत्र वाचून १८८० साली आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. दोघींची प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वी जवळजवळ तीन वर्षे त्या एकमेकींना लिहीत होत्या. याउलट अमेरिकेत असताना पतीकडून येणाऱ्या पत्रांत आस्थेबरोबर संशय आणि कठोर शब्दही असत. थंडी, आहाराची आबाळ आणि ढासळती प्रकृती अशा स्थितीत परक्या देशातील एक तिऱ्हाईत स्त्री आधार ठरली आणि घरचे पत्र पुष्कळदा ओझे ठरले. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निवर्तल्या. नात्यातील माणूस जवळचा असतो म्हणून तो उत्तम श्रोता असतोच असे नाही, हा धडा या पत्रव्यवहारातून मिळतो.

दुसरे उदाहरण र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी हे मासिक चालविले. वाचक आपल्या लैंगिक व वैवाहिक अडचणी पत्राने कळवीत आणि कर्वे मासिकातून त्यांस निःसंकोच, शास्त्राधारित उत्तरे देत. ज्या गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांस किंवा गावच्या वैद्यास विचारणे अशक्य होते त्या एका अनोळखी संपादकास विचारता येत होत्या. अशा उत्तरांवरून कर्वे यांच्यावर १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी निकाल विरुद्ध गेला. मराठीतील दूरस्थ समुपदेशनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचे पहिले प्रकरण या प्रश्नोत्तरांना द्यावे लागेल. गोपनीयता, अनामिकता, तज्ज्ञाचा सल्ला आणि अंतर ही आजच्या ऑनलाइन समुपदेशनाची चारही लक्षणे त्यात होती. तसेच सल्लागाराच्या कायदेशीर संरक्षणाचा प्रश्नही तेव्हाच उपस्थित झाला होता.

टपालापासून दूरध्वनीपर्यंत : साधनांचा विकास आणि मौनाचे सातत्य

खानदेशातून बाहेर जाण्याचा मार्ग रेल्वेने मोठा केला. १८६० च्या दशकात भुसावळ हे रेल्वेचे महत्त्वाचे केंद्र म्हणून उदयास आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तापी खोऱ्यातील मार्गाने हा प्रदेश सुरतेशी जोडला गेला. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले; हेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे होत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. अवर्षण, कोरडवाहू शेती आणि मर्यादित उद्योग यांमुळे येथील माणूस प्रथम मुंबईच्या गिरण्यांत आणि पुढे मोठ्या संख्येने सुरतेच्या यंत्रमागांवर गेला. सुरतेतील उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशी वस्ती इतकी आहे की कानबाईचा उत्सव तेथेही तितक्याच थाटाने होतो.

या कामगारांचा घराशी संबंध टपालाने राखला. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले आणि त्याची किंमत पाव आणा होती. पुढील वर्षी मनीऑर्डर आली. मनीऑर्डरच्या अर्जावर संदेशासाठी थोडी जागा असे आणि तेवढ्यात ‘खुशाल आहे’ याखेरीज फारसे काही मावत नसे. कार्ड उघडे असल्यामुळे ते पोस्टमन वाचीत असे, शेजारी वाचीत असे आणि पुष्कळदा लिहिणाराही दुसराच असे. अशा माध्यमात ‘विशेष’ लिहिणार तरी कसे? मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची प्रथा होती. मरणासाठी समाजाने खूण ठरविली होती. जिवंत माणसाच्या खचलेपणासाठी कोणतीही खूण नव्हती.

१९६० साली कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान देशातील पहिली थेट दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगावी एसटीडीची पिवळ्या पाट्यांची दुकाने उभी राहिली. तेथे काचेच्या खोलीबाहेर रांग असे आणि समोर पैशांचा आकडा फिरत असे. आवाज ऐकू येत होता, परंतु रडण्यास वेळ परवडत नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली, १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत स्वस्त मोबाइल डेटामुळे चित्रसंवाद खेड्यापर्यंत पोहोचला. आता पैशांचा आकडा फिरत नाही. तरीही चित्रसंवादासाठी मुलगा खोली आवरतो, चेहरा धुतो, दिवा लावतो आणि खुशाल दिसतो. पूर्वी खुशाली लिहावी लागत होती, आता ती दाखवावी लागते, एवढाच बदल झाला आहे. माध्यमाचा वेग वाढल्याने मौन आपोआप मोडत नाही, हे या इतिहासाचे सार होय.

तिऱ्हाईत श्रोत्याचा उदय

मौन मोडण्यासाठी वेगवान माध्यमाइतकीच वेगळ्या श्रोत्याची गरज असते. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्या व्यक्तींसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली आणि तीतून ‘समॅरिटन्स’ ही संघटना उभी राहिली. १९५९ साली अमेरिकेतील नेब्रास्का येथे दुहेरी दूरचित्रवाणीच्या साहाय्याने मनोविकार उपचारांचे प्रयोग झाले. १९८६ साली कॉर्नेल विद्यापीठाने संगणकाच्या जाळ्यावर विद्यार्थ्यांच्या अनामिक प्रश्नांना उत्तरे देणारा उपक्रम सुरू केला. ऑनलाइन समुपदेशनाचा जन्म विद्यापीठाच्या परिसरात झाला, ही बाब प्राध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात १९९० साली ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन झाली. मनाच्या आरोग्याविषयी सोप्या मराठीत बोलण्याची सवय समाजाला लावण्यात तिचा वाटा मोठा आहे. २०१२ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘आयकॉल’ ही सेवा सुरू केली. दूरध्वनीबरोबर ई-पत्राद्वारेही समुपदेशन देणे हे तिचे वैशिष्ट्य होते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू झाली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या समन्वयाने चालणारी ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

खानदेशाच्या दृष्टीने या सेवांचे महत्त्व अधिक आहे. महाराष्ट्रातील ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ राज्याचा आधार होती आणि त्यांतील एकही खानदेशात नव्हते. साक्रीच्या किंवा यावलच्या कुटुंबाला मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे मोठा प्रवास आणि त्याहून मोठी गावचर्चा होती. त्यामुळे दूरस्थ सेवा ही केवळ परदेशस्थांची सोय नसून त्यांच्या मागे राहिलेल्या आईवडिलांचीही गरज आहे.

खानदेशी माणूस परदेशात

अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून स्थापन झालेली कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने जगभर संगणक अभियंते पाठवू लागली. खानदेशाच्या बदलत्या अर्थव्यवस्थेचे हे बोलके उदाहरण होय. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय डॉक्टर व अभियंते मोठ्या संख्येने तेथे गेले आणि १९९० नंतर संगणक क्षेत्रातील तरुणांची त्यात भर पडली. पाठोपाठ आखाती देशांतील कामगार आणि अलीकडे रशिया, युक्रेन, कझाकस्तान, किर्गिझस्तान आदी देशांत वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी असे नवे वर्ग निर्माण झाले. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील अनेक महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी आज परदेशात आहेत.

या सर्वांचे प्रश्न एकसारखे नाहीत. संगणक अभियंत्याची चिंता नोकरी व व्हिसा एकमेकांशी बांधलेले असण्याची असते. त्याच्यासोबत गेलेल्या उच्चशिक्षित पत्नीची व्यथा काम करण्याची परवानगी नसण्याची असते. आखाती कामगारावर कर्जाचे ओझे असते आणि खोलीत एकांत नसतो. वैद्यकीय विद्यार्थ्याचे वय अठरा-एकोणीस असते, भाषा परकी असते आणि वडिलांनी शेत विकून किंवा गहाण ठेवून फी भरलेली असते; अशा मुलाने ‘मला करमत नाही’ असे घरी सांगावयाचे कसे? २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे भारतीय विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेद्वारे परत आणावे लागले. जून २०२४ मध्ये रशियातील व्होल्खोव नदीत जळगाव जिल्ह्यातील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा बुडून अंत झाला, तेव्हा परदेशातील संकट खानदेशातील घरांपर्यंत कोणत्या रूपाने पोहोचते हे साऱ्या जिल्ह्याने अनुभवले. वाचलेल्या मित्रांना आणि मागे राहिलेल्या कुटुंबांना अशा वेळी कोणत्या भाषेत व कोणत्या व्यवस्थेमार्फत आधार द्यावयाचा, हा प्रश्न त्या घटनेने सर्वांसमोर ठेवला.

भाषेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली सुमारे १८.६ लाख भाषिक नोंदविले गेले. अहिराणीचा समावेश त्यातच होतो. ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीत तिला भिल्ली भाषांसमवेत स्थान होते. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, महाविद्यालयात इंग्रजी आणि परदेशात रशियन किंवा जर्मन अशा चार पायऱ्या चढून गेलेल्या तरुणाची भावना बहुधा पहिल्या पायरीवरच राहिलेली असते. नंतर शिकलेल्या भाषेत माणूस आपल्या दुःखाविषयी अधिक अलिप्तपणे बोलू शकतो, असे द्विभाषिक व्यक्तींवरील मानसोपचाराचे अभ्यास दर्शवितात. ही अलिप्तता कधी उपयोगी पडते, तर कधी मूळ जखमेपर्यंत पोहोचू देत नाही. परदेशातील विद्यापीठांत बहुधा समुपदेशक असतो. तो सहानुभूतीने ऐकतो. परंतु आखाजी म्हणजे काय, भाऊबंदकी म्हणजे काय, धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी कर्ज फेडण्याचे दडपण म्हणजे काय, हे त्याला प्रथम समजावून द्यावे लागते. ऑनलाइन समुपदेशनाचे खरे सामर्थ्य येथे आहे. ते अंतर कमी करते त्याहीपेक्षा ते भाषेची निवड परत मिळवून देते. मात्र त्यासाठी अहिराणी समजणारे प्रशिक्षित समुपदेशक प्रथम खानदेशातच तयार व्हावे लागतील.

कायदा आणि व्यवहार यांतील अडचणी

२५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी भारतातील नोंदणीकृत डॉक्टरांच्या दूरस्थ सल्ल्यास अधिकृत चौकट दिली. परंतु भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरील सल्ला या तत्त्वांच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळण्यात आला आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचा परवाना राज्यनिहाय असतो. त्यामुळे जळगावच्या तज्ज्ञाने टेक्सासमधील व्यक्तीवर नियमित उपचार करणे हा कायदेशीरदृष्ट्या अवघड विषय ठरतो. टेलि-मानसचा लघुक्रमांकही देशांतर्गत वापरासाठी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क त्याने मान्य केला. तथापि सीमेपलीकडील नागरिकापर्यंत तो कसा पोहोचावा याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायविषयक कायद्याने समुपदेशकांसाठी चौकट आखली. तोपर्यंत कोणीही स्वतःस समुपदेशक म्हणवून घेऊ शकत होता.

दुसरी अडचण तातडीच्या प्रसंगाची आहे. समोरील व्यक्ती जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल तर हजारो मैलांवरील समुपदेशक रुग्णवाहिका पाठवू शकत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत त्या व्यक्तीचा पत्ता, तेथील आपत्कालीन क्रमांक आणि विश्वासातील एका स्थानिक माणसाचे नाव नोंदवून घेणे आवश्यक ठरते. गंभीर मनोविकार, व्यसनाधीनता किंवा कौटुंबिक हिंसा अशा प्रसंगी स्थानिक सेवेस पर्याय नाही. न्यू जर्सीत १९८५ साली स्थापन झालेल्या ‘मानवी’सारख्या संस्थांनी दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी केलेले कार्य या दृष्टीने मार्गदर्शक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दूरस्थ व्यक्तीला मानसिक आधार देण्याची परंपरा खानदेशात व महाराष्ट्रात जुनी आहे. ओवी, आखाजी, छात्रालय दैनिक आणि ‘समाजस्वास्थ्य’मधील प्रश्नोत्तरे ही तिची भिन्न रूपे होत.

२) संपर्काचे साधन वेगवान झाल्याने देशांतरित व्यक्तीचे मौन मोडते असे नाही. जिवलगांना काळजी नको म्हणून जे सांगितले जात नाही ते सांगण्यासाठी तिऱ्हाईत, प्रशिक्षित आणि गोपनीयता पाळणारा श्रोता लागतो.

३) ऑनलाइन समुपदेशनाचा खरा लाभ मातृभाषेच्या उपलब्धतेत आहे. अहिराणी व अन्य स्थानिक बोलींचा विचार न केल्यास हा लाभ अर्धाच राहील.

४) सीमापार सल्ल्याविषयी स्पष्ट कायदेशीर चौकट निर्माण होणे निकडीचे आहे. तोपर्यंत समुपदेशकांनी उपचार आणि भावनिक आधार यांतील मर्यादा काटेकोरपणे पाळली पाहिजे.

५) शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. खानदेशातील महाविद्यालयांनी या समुपदेशकाच्या कार्यकक्षेत परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी, त्यांच्या पालकांशी संवाद आणि माजी विद्यार्थ्यांशी नियमित संपर्क यांचा समावेश करावा.

परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला आपण गुणपत्रके, शिफारसपत्रे आणि शुभेच्छा देतो. त्यासोबत एक गोष्ट त्यास स्पष्टपणे सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे : घरी कुशल कळवावे, ते योग्यच आहे, परंतु ‘विशेष’ ऐकणारा कोणीतरी आपल्या भाषेत उपलब्ध आहे आणि त्याच्याशी बोलण्यात कमीपणा नाही. तो श्रोता खरोखरच उपलब्ध असेल अशी व्यवस्था करणे, हे मात्र विद्यार्थ्याचे नव्हे, आपले काम आहे.